दमयंतीबाई आणि हजेरीतली शेळी

“पोरगी शाळंत बसली तर शेळी कोन राखील? तुमी राखाल?”

“राखीन की.”

“तुमी? रस्त्यात म्हैस आडवी आली तर स्कूटी बंद करून रडाया लागता तुमी!”

“रडत नाही मी. हॉर्न वाजवते.”

“म्हशीला हॉर्न!”

हे भांडण मी खिचडीच्या शेडमधून ऐकलं. मुद्दाम कान लावला नव्हता. आमच्या वाडीच्या शाळेची भिंत आणि शेडचा पत्रा यांच्यात एवढी मोठी फट आहे की फोडणीचा वास सरळ वर्गात जातो आणि वर्गातलं सगळं सरळ शेडमध्ये येतं. तांदूळ निवडता निवडता मी सगळे पाढे कितीदा ऐकलेत. आले नाहीत ते नाहीतच, पण ऐकलेत.

शाळेतल्या बाईंशी भांडत होता बाळ्या, वाडीतला. दिवाळी झाली की बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हा त्याचा नेम. त्याची मुलगी शुक्री दुसरीत होती, म्हणजे नावाला दुसरीत. दिवसभर शेळीमागे असायची. चरता चरता शेळी शाळेच्या खिडकीशी आली की शुक्री गजांना धरून उभी राहायची आणि बाई आतल्या पोरांना जे विचारतील त्याचं उत्तर बाहेरून द्यायची. आतली पोरं चिडायची. बाई म्हणायच्या, “गुणाबाई, माझ्या वर्गातली हुशार मुलगी वर्गाबाहेर आहे. काय करू?”

मी म्हटलं, “खिडकी मोठी करा.”

बाई म्हणजे दमयंतीबाई, आमच्या शाळेच्या एकुलत्या एक मास्तरीण. राहायच्या पनवेलला, खांदा कॉलनीत. रोज स्कूटीवरून नेऱ्याच्या पुढे आमच्या डोंगराखाली यायच्या. अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत आणि स्वतःच्या विनोदाला स्वतः आधी हसायच्या. विनोद संपायच्या आत हसू संपलेलं असायचं, मग पुढचा विनोद त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. त्यामुळे नवख्या माणसाला कळायचं नाही, ह्या थट्टा करतात की खरं बोलतात. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

तर त्या दिवशी बाई बाळ्याला म्हणाल्या, “आणा शेळी शाळेत. शुक्री बाकावर, शेळी दारात. झालं?”

बाळ्याला वाटलं थट्टा आहे. तो पण थट्टेने “बरं” म्हणाला. दुसऱ्या दिवशी शुक्री शेळी घेऊन दारात हजर.

शेळीचं नाव टिकली. अंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्यातले सहा ते आठ खाल्ले. आमच्या वाडीची ती पिढी साताचा पाढा आला की अजून अडखळते, त्याचं कारण हे.

बाईंना कळलं की हिचं तोंड रिकामं ठेवण्यात राम नाही. मग त्यांनी रोजचा एक फेरा सुरू केला. सकाळी पनवेलच्या भाजी मार्केटात शशिकला नावाच्या भाजीवालीकडे थांबायचं, तिने काढून टाकलेली कोबीची वरची पानं पोत्यात भरायची, पोतं स्कूटीवर पायापाशी ठेवायचं आणि त्याच्यावर पाय ठेवून यायचं. शशिकला विचारायची, “बाई, एवढा कोबी कोण खातं तुमच्याकडे?” बाई म्हणायच्या, “दुसरीतली एक आहे. डबा आणत नाही बिचारी.”

ते साल दिवाळीनंतर नोटा बंद झाल्या ते. त्याच साली फोनमधलं नेट फुकट झालं होतं, त्यामुळे हातात पैसे असोत नसोत, व्हिडिओ भरपूर होते. सगळ्या मास्तर-मास्तरणींचे व्हॉट्सॲपवर ग्रुप होते. बाईंच्या फोनमध्ये दोन होते. एक ‘उपक्रमशील गुरुजन’. त्यात कोणी चिंचोक्यांनी बेरीज कशी शिकवली, कोणी काड्यांचे गठ्ठे कसे बांधले, त्याचे फोटो टाकायचे, आणि त्यात साहेबलोक पण होते. दुसरा ‘चहाची सुट्टी’. त्यात फक्त मास्तरलोक, आणि साहेबलोकांवरचे विनोद. दोन्हींच्या नावापुढच्या गोल चित्रात तोच एक फळा होता. आता असं करावं का माणसाने?

बाईंनी एक दिवस हजेरीचा व्हिडिओ काढला. एकेक नाव घेतलं, पोरं “हजर” म्हणाली. शेवटी बाई म्हणाल्या, “टिकली!” तेवढ्यात शुक्रीने कोबीचं पान दाखवलं. टिकली म्हणाली, “बेंऽऽ.” पोरं हसून लोटपोट. बाईंनी खाली लिहिलं, ‘शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेत सापडलेली आमची नवी विद्यार्थिनी. हजेरी शंभर टक्के. गृहपाठ खाते, पण खोटं बोलत नाही.’ आणि दिलं पाठवून.

मग त्या शेडमध्ये आल्या आणि तांदळाच्या पिंपावर बसल्या. तोंड पांढरंफटक.

“गुणाबाई, साहेबांच्या ग्रुपवर गेलं.”

“मग परत बोलवा.”

“येत नाही परत.” तेव्हा तशी सोय नव्हती, एकदा गेलं की गेलं. “आता माझी बदली करतील. तिकडे समुद्रात टाकतील कुठेतरी. आणि दिवाळी तोंडावर आली. मी गेले की शुक्री गेलीच भट्टीवर.”

हीच त्यांची खरी काळजी. भट्टीवर गेलेलं पोर परत येतं ते वरच्या वर्गाच्या वयाचं आणि खालच्या वर्गाच्या अभ्यासाचं, मग लाजेने येतच नाही. शुक्रीचा मोठा भाऊ अंकुश असाच सुटला होता. भट्टीवाल्यांची पोरं मागे गावातच राहतील अशी सोय करा म्हणून बाई दोन वर्षं वर लिहीत होत्या. वरून ‘विचाराधीन’ एवढंच यायचं.

फोन वाजला. बाईंनी डोळे मिटले. मी म्हटलं, “बघा तरी.” त्यांनी एक डोळा उघडला.

पहिल्याने लिहिलं होतं, ‘अभिनंदन मॅडम.’ पुढे दोन हात जोडलेले. दुसऱ्याने तेच. तिसऱ्याने तेच, आणि वर एक फूल. मग रांगच लागली. त्या ग्रुपची रीतच अशी, की कोणी काय पाठवलं ते उघडायचं नाही, पहिला जे म्हणेल ते सगळ्यांनी म्हणायचं. ‘स्तुत्य उपक्रम.’ ‘प्रेरणादायी.’ ‘आपल्या कार्यास सलाम.’ शेळी एकाच्याही नजरेस आली नाही. शेवटी कमळाकर साहेबांनी लिहिलं, ‘उत्कृष्ट. सविस्तर अहवाल पाठवा.’

हे कमळाकर साहेब म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवरचे केंद्रप्रमुख. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. इतक्या घाईत की मोटरसायकलवरून उतरले तरी डोक्यावरचं हेल्मेट काढायचे नाहीत. लगेच निघायचंय म्हणायचे. माझी खिचडी त्यांनी काच वर करून खाल्लेली आहे.

बाईंनी अहवाल लिहिला. म्हणाल्या, बुडायचंच आहे तर नीट बुडू. मला वाचून दाखवला. ‘उद्देश: एकही शेळी शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर राहू नये. पद्धत: मूल शेळीला धडा वाचून दाखवते. शेळी चुका काढत नाही, हसत नाही, म्हणून मूल घाबरत नाही.’

मी म्हटलं, “बाय, ही शेवटची गोष्ट तर खरी हाय.”

बाई दचकल्या. “हो की. चुकून खरं लिहिलं गेलं. खोडू?”

“राहू द्या. कोन वाचतंय?”

कोणीच वाचलं नाही. साहेबांनी वर पाठवलं, वरच्यांनी त्याच्या वर पाठवलं, आणि आठवड्यात सगळ्या शाळांना निरोप आला: शेळीस्नेही शिक्षणाचे फोटो टाकावेत.

मग काय सांगू! बाई मधल्या सुट्टीत फोन घेऊन शेडमध्ये यायच्या आणि आम्ही दोघी बघायचो. बंदराच्या वाटेवर जासईकडे सगळीकडे कंटेनरच कंटेनर, गवताची काडी नाही. तिथल्या गुरुजींनी कंटेनरच्या सावलीत बसलेली कोणाची तरी शेळी पकडून आणली होती. फोटोत पोरं एका बाजूला, शेळी दुसऱ्या बाजूला, आणि मागून एक बाई काठी घेऊन धावत येताना दिसत होती. नवीन पनवेलातल्या एका शाळेने शेळीला टाय बांधला होता. एका गुरुजींना शेळीच मिळेना, तर त्यांनी पोरांनाच पाळीपाळीने शेळी केलं. उरणच्या खाडीवरच्या एका मास्तरीणबाईंनी विचारलं, ‘आमच्याकडे सगळी कोळ्यांची मुलं. शेळी नाही. खेकडा चालेल का?’ त्यांच्याकडच्या साहेबांनी उत्तर दिलं, ‘चालेल. मात्र सजीव असावा.’ दुसऱ्या दिवशी खेकड्याचा व्हिडिओ. हजेरी घेता घेता विद्यार्थी टेबलाखाली गेलेला आणि बाई खुर्चीवर चढलेल्या.

आणि ह्या सगळ्यावर अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन.

आम्ही हसून हसून रडलो. पण दिवाळी झाली आणि बाळ्या बोचकं बांधायला लागला.

तो शाळेत सांगायला आला, “उद्या निघतो. पोर नेतो, शेळी नेतो.”

बाईंनी विनोद केला नाही. तेव्हाच मला कळलं, की ह्यांच्या जिवाला फार लागलंय. त्यांनी फोन काढला आणि साहेबांना एवढंच सांगितलं, “सर, शेळी भट्टीवर चाललीय.”

साहेब अर्ध्या तासात डोंगराखाली. कारण त्यांना आदल्या दिवशीच निरोप आला होता, संक्रांतीनंतर जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम शेळी बघायला येणार. हेल्मेट घालूनच ते बाळ्याच्या झोपडीपुढे उभे राहिले.

“शेळी नेता येणार नाही!”

“माजी शेळी हाय.”

“आता ती शासनाच्या उपक्रमात आहे!”

बाळ्या माझ्याकडे बघायला लागला. “गुणाबाय, ह्यो डबड्यातून काय बोलतोय?”

बाई पुढे आल्या. आता पुन्हा तो गंभीर चेहरा. “सर, शेळी ठेवून उपयोग नाही. ती शुक्रीशिवाय खात नाही, शुक्रीशिवाय बें करत नाही. शुक्री गेली तर शेळी नुसती बसून राहील.”

“मग मुलगीही ठेवा!”

“ठेवू. राहायची सोय?”

“करतो! आजच प्रस्ताव पाठवतो!”

आणि माणसांनो, दोन वर्षं जे ‘विचाराधीन’ होतं ते चार दिवसांत मंजूर झालं. कागदावर ‘उपक्रमांतर्गत शेळीसाठी निवारा’ असं होतं. खाली एका ओळीत, ‘सोबत एक मुलगी’. आमच्या शेडमागे चार बांबूंवर एक पत्रा उभा राहिला. शुक्री झोपायची माझ्या घरी, माझ्या अंथरुणात, आणि टिकलीही पहिल्या रात्रीपासून माझ्याच पडवीत. पत्र्याखाली कोंबड्या राहिल्या. बाळ्याने जाताना मला सांगितलं, “पोरीला खाया घाल, आन शेळीला जप.” मग थांबून म्हणाला, “नाय, दोघींना जप.” पण तोंड कडू होतं त्याचं. पोर अडकवून ठेवली, असंच त्याला वाटत होतं. मॅडम येऊन गेल्या की न्यायला येतो म्हणाला.

म्हणजे बाईंच्या हातात संक्रांतीपर्यंतचेच दिवस होते. शाळा सुटल्यावरही त्या थांबायच्या. शुक्री टिकलीला वाचून दाखवायची. अडली की शेळीच्या तोंडाकडे बघायची, शेळी रवंथ करत राहायची, आणि शुक्री परत वाचायची. मी चुलीची राख काढता काढता ऐकायचे. आधी अक्षर अक्षर यायचं, ठेचा खलबत्त्यात कुटावा तसं. मग शब्द यायला लागले. आणि एक दिवस गोष्टच आली अख्खी, आणि मी राख हातात घेऊन उभीच.

मॅडमचा दिवस उजाडला. दोन जीपगाड्या. साहेबांनी मालक हजर पाहिजे म्हणून बाळ्याला भट्टीवरून मोटरसायकलवर मागे बसवून आणला होता. तो माझ्या शेडच्या दाराला टेकून उभा राहिला.

पण साहेबांनी आणखी एक शहाणपणा केला होता. शेळीने मॅडमपुढे अनमान करू नये म्हणून पहाटेच येऊन तिला पोतंभर पाला, उसाचे शेंडे आणि वर गूळ असं सगळं चारलं होतं. टिकली पोट फुगवून वर्गात बसली, ती नवरदेवाच्या मामासारखी.

हजेरी सुरू झाली. पोरं हजर हजर म्हणाली. बाईंनी आवाज दिला, “टिकली!”

शुक्रीने पान दाखवलं. टिकलीने तोंड फिरवलं.

“टिकली!” दुसरं पान. टिकलीने ढेकर दिला.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. साहेबांच्या मानेवरून घामाचे ओघळ. तेवढ्यात कुठून तरी खोल, विहिरीतून यावा तसा आवाज आला, “बेंऽऽऽ!”

सगळे शेळीकडे बघायला लागले. मी साहेबांकडे बघत होते. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली होती.

“वा!” मॅडम म्हणाल्या. “आवाज भारदस्त आहे हो हिचा.”

“सर्दी झालीय तिला,” बाई म्हणाल्या. चेहरा असा की देवळातली मूर्ती हसेल, पण ह्या नाही.

मग वाचन. शुक्री टिकलीसमोर मांडी घालून बसली आणि कोल्ह्या-करकोच्याची गोष्ट वाचली, न थांबता, बोट न लावता. मॅडम शेळीकडे बघत होत्या. “किती शांतपणे ऐकते!” जीपमधून आलेले सगळे शेळीचे फोटो काढत होते. शुक्रीकडे एकटा बाळ्या बघत होता.

तो मला हळूच म्हणाला, “मागून कोन सांगतंय का तिला?”

“नाय. सोताच वाचते.”

“पाठ केलंय?”

“मग इचार दुसरं काय तरी.”

मॅडम नारळपाणी प्यायला गेल्या तशी बाळ्याने पोरीला धरली. जीपच्या दाराशी नेली. “ह्यावर काय हाय?” शुक्रीने वाचलं, “महाराष्ट्र शासन.” माझ्याकडच्या तेलाच्या डब्याशी नेली. तिने वाचलं, “शुद्ध शेंगदाणा तेल. उलटा ठेवू नये.” बाळ्याने बघितलं, डबा उलटा होता. त्याने तो सुलटा केला. मग शेवटी साहेबांच्या पाठीमागे नेली. हेल्मेटला मागे चिट्ठी चिकटवलेली होती. शुक्रीने वाचलं, “सुरक्षित अंतर ठेवा.”

बाळ्या एक पाऊल मागे सरला. मग बाईंपाशी गेला.

“बाय, शेळी मी नेतो.”

बाईंचा चेहरा पडला. “बाळ्या, अजून थोडे दिवस...”

“शेळी नेतो म्हनलं. भट्टीवर चायला दूध व्हईल. पोर राहू दे हितं. गुणाबायकडं.”

“पण शेळी कोण राखील?”

“मी राखीन,” बाळ्या म्हणाला. “मी काय म्हशीला हॉर्न मारनारा हाय?”

बाई हसल्या. ह्या वेळी विनोद संपल्यानंतर हसल्या, आणि पुष्कळ वेळ. साहेब मात्र धावत आले, “शेळी नेऊ नका! मुलगी न्या हवी तर!” पण टिकली तोवर बाळ्याच्या मागे रस्त्याला लागली होती.

अहवालाचं काय करायचं म्हणून साहेब डोकं, म्हणजे हेल्मेट धरून बसले. बाईंनी लिहून दिलं, ‘शेळी हंगामी स्थलांतरित.’ वरून महिन्याभराने टिकलीच्या नावाने पत्रक आलं, की ही विद्यार्थिनी जिथे जाईल तिथल्या शाळेने हिला बसू द्यावं. बाळ्याने ते भट्टीवर झोपडीच्या कुडाला लावलं. टिकलीने ते खाल्लं.

तेव्हापासून दिवाळी झाली की शेळी भट्टीवर आणि शुक्री माझ्याकडे, असा नेम पडला. भट्टी बंद झाली की टिकली परत यायची, शुक्रीबरोबर शाळेच्या दारात बसायची, आणि बाईंचा कोबीचा फेरा पुन्हा सुरू व्हायचा. ग्रुपवर शेळ्या बंद झाल्या, मग गांडूळ आलं, मग काहीतरी टोपीचं. बाई चिंचोक्यांचे फोटो साहेबांच्या ग्रुपवर आणि विनोद दुसऱ्यावर टाकायच्या; पाठवण्याआधी मला दाखवायच्या, “गुणाबाई, फळा कुठला आहे बघा.” मला तरी काय कळणार? मी म्हणायचे, “बरोबर हाय.” अर्ध्या वेळेला चुकायचं. अभिनंदन यायचंच.

शुक्री चौथीत गेली त्या साली ऑगस्ट अखेरीला बाई निवृत्त झाल्या. शाळेत सत्कार झाला. साहेबांनी झेंडूचा जाडजूड हार घातला, फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला. त्यांच्या फोनमध्ये दोनच वाक्यं तयार ठेवलेली असायची, एक अभिनंदनाचं आणि एक दुसरं. घाईत अंगठा दुसऱ्यावर पडला: ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’

झालं. पहिला म्हणाला ते सगळे म्हणाले. ‘हरहुन्नरी शिक्षिका गेल्या.’ ‘देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो.’ खाडीवरच्या बाईंनी रडका चेहरा टाकला आणि शेजारी एक खेकडा.

साहेब “अरे बापरे, अरे बापरे” करत राहिले. बाई खुर्चीत बसून सगळं शेवटपर्यंत वाचत होत्या, एक एक, मोठ्याने, आम्हाला ऐकवत. मग त्यांनी खाली लिहिलं, ‘सर्वांची आभारी आहे. इथे हवा चांगली आहे.’

त्यावर पण कोणीतरी लिहिलं, ‘अभिनंदन.’

नारळ, शाल, चहा झाला. लोक पांगले. बाई उठल्या, स्कूटीपाशी गेल्या आणि पायापाशी ठेवलेलं पोतं ओढून काढलं. शेवटच्या दिवशीसुद्धा शशिकलाकडे थांबून आल्या होत्या. नवी पैठणी नेसून कोबीची पानं.

मी म्हटलं, “अवो, आज तरी कशाला?”

“आज काय शेळीला उपास आहे?”

पोतं घेऊन त्या दारात टिकलीपाशी बसल्या. पानं पसरली. वाकल्या तसा गळ्यातला हार पुढे आला आणि टिकलीने कोबी सोडून हारालाच तोंड घातलं. बाई हलल्या नाहीत. झेंडू एकेक संपत गेले. आत वर्गात शुक्री खालच्या वर्गातल्या पोरांना साताचा पाढा म्हणून दाखवत होती. ती पण अडखळली.

“बेचाळीस,” बाईंनी बाहेरून सांगितलं.

हार संपला, फक्त दोरा उरला. तो बाईंनी टिकलीच्या दातांतून सोडवला, घशात अडकायला नको म्हणून. बोअरिंगवर हात धुतले. पोतं दोनदा झटकलं, चार घड्या केल्या आणि रोजच्यासारखं स्कूटीच्या डिकीत ठेवलं.

“येते हो गुणाबाई,” म्हणाल्या, आणि निघाल्या. वळणावर म्हैस होती. त्यांनी हॉर्न वाजवला.